खारे, खारट आणि पिंपभर पाणी

दुसरबीडच्या माणसाला आयुष्यात एक वाक्य हजार वेळा म्हणावं लागतं: "बीड नव्हे हो, दुसरबीड." बँकेच्या खिडकीवर, लॉजच्या रजिस्टरपाशी, पोरीचं स्थळ बघताना. समोरचा म्हणतो, "म्हणजे बीड जिल्ह्यातच ना?" आपण म्हणतो, "नाही, जिल्हा बुलढाणा, तालुका सिंदखेड राजा." तो जरा विचार करतो आणि अगदी निरागसपणे विचारतो, "मग पहिलं बीड कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण अनुवाद म्हणजे काय ते मला पुस्तकानं नाही, गावाच्या नावानं शिकवलं. अनुवाद हा मुळाचं दुसरबीड असतो. बिचारा आपल्या जागी सुखात बसलेला असतो आणि लोक त्याच्याच तोंडावर मुळाची चौकशी करत राहतात.

म्हणून पुण्याहून भाचीचा फोन आला तेव्हा मी सरसावून बसलो. ही पोरगी स्पॅनिश शिकली. का शिकली ते ताईला अजून नीट सांगता येत नाही, पण महिन्याला पैसे येतात, त्यामुळे आता कोणी विचारत नाही. तिला कुठल्याशा खाऊच्या पाकिटावरचा मजकूर मराठीत करायचा होता.

"मामा, एक शब्द अडलाय. पाच वाजेपर्यंत द्यायचाय. पीपास अल अग्वासाल."

"पुन्हा म्हण."

"पीपास. अल. अग्वा-साल."

मी डोळे मिटले. पीपा म्हणजे आपलं पिंप. पिंप हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या शेजारणी, एवढं मला ठाऊक होतं. साल म्हणजे साल. मी ठामपणे सांगितलं, "पिंपातल्या पाण्यात भिजवलेली साल."

पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग तिनं मला, मी नववीच्या पोरांना समजवायचो त्या सुरात समजावलं. पीपा म्हणजे पिंप हे खरं, स्पॅनिशमध्ये पीपा म्हणजे तंबाखूची चिलीमही होते आणि दारूचं पिंपही, पण इथं पीपा म्हणजे बी. त्यातही सूर्यफुलाची. अग्वा म्हणजे पाणी. साल म्हणजे मीठ. सूर्यफुलाच्या बिया टरफलासकट मिठाच्या पाण्यातून काढायच्या आणि भाजायच्या, म्हणजे टरफलालाही खार लागतो. स्पेनमध्ये माणसं बागेतल्या बाकावर बसून त्या तासन्‌तास फोडत असतात. आधी टरफल चोखायचं, मग दातानं फोडायचं, आतला दाणा जिभेनं काढून घ्यायचा आणि टरफल थुंकायचं. फुटबॉलचा सामना संपला की पायाखाली टरफलांचा सडा पडलेला असतो.

"मग सोपंय," मी म्हणालो. "खारे दाणे."

"दाणे म्हणजे शेंगदाणे होतात, मामा. आणि नुसतं खारे नको. ते करतात कसं, तेही शब्दात यायला पाहिजे. वरून मीठ भुरभुरवलेल्या बिया वेगळ्या आणि या वेगळ्या."

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. आमचा तालुका जिजाऊंच्या माहेराचा. १५९८ साली त्या इथं सिंदखेड राजाला जन्मल्या आणि त्यांच्या लेकानं पुढं फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्या कोशात भोग्यवर्ग म्हणून खाण्यापिण्या-उपभोगाचा एक स्वतंत्र भाग आहे. म्हणजे परक्या खाऊला आपलं नाव देणं हे आमच्या तालुक्याच्या नातवानं केलेलं काम. मी भाचीला म्हणालो, "तासाभरात कळवतो," आणि कागद घेऊन बसलो.

पहिल्या दहा मिनिटांत 'लवणजलसंस्कारित सूर्यपुष्पबीज' तयार झालं. वाचून मला स्वतःलाच सोवळं नेसावंसं वाटलं. हे पाकीट कोणी फोडणार नाही. फार तर पळीपंचपात्राशेजारी ठेवेल. दुसरा पर्याय 'क्षारोदकभर्जित'. यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीची आठवण झाली, दिवसातून दोनदा जेवणानंतर.

मग एकदम सुचलं. अग्वा-साल, पाणी-मीठ, खार-पाणी. अरे, हा शब्द तर आपल्या वऱ्हाडातच पडलाय. खारपाण! शब्दाला शब्द आणि जोडालाही जोड. स्पॅनिश माणसानं दोन शब्द चिकटवले तसेच आमच्या शेतकऱ्यानंही चिकटवलेले. मी आनंदात ताईकडं फोन लावला. फोन दाजींनी उचलला, आणि तिथंच घोटाळा झाला, कारण दाजी घाटाखालचे.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की बुलढाणा जिल्ह्यात दोन देश नांदतात. घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही दुसरबीडवाले घाटावरचे. दाजी संग्रामपूर तालुक्यातले, पूर्णेच्या खोऱ्यातले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तो त्यांच्या अंगणातून जातो. तिथं विहीर खणली की पाणी लागतं आणि पाणी लागलं की पिता येत नाही. पिकाला द्यावं तर जमीन रुसते. कित्येकांच्या मूत्रपिंडांनी त्या पाण्यापुढं हात टेकलेत. दाजींनी माझा शब्द ऐकून घेतला आणि थंडपणे म्हणाले, "मास्तर, आमच्याकडं खारपाण म्हटलं की लोक टँकर कधी येणार ते विचारतात. तुम्ही ते खाऊच्या पाकिटावर छापता? आणि खाली काय लिहिणार, लहान मुलांना द्यावे?"

शब्दकोशात बरोबर बसलेला शब्द माणसाच्या पोटात असा चुकीचा बसतो. मी तो खोडला. मनातून अजूनही तो मला आवडतो, पण दाजींपुढं बोलायची सोय नाही.

तेवढ्यात आमच्या घरातल्या अधिकारी व्यक्तीनं चहा आणला आणि कागदाकडं बघून विचारलं, "काय चालू हाय सकाळपासून?" मी सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्याले कागद कायले लागते? जवस करते तसंच ते."

आणि मला, तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला, तिनं उभ्या उभ्या सांगितलं. जवस आधी कोरडं भाजायचं. ते तडतडायला लागलं, की मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा. हबकाच, ओतायचं नाही. जवसाला पाणी जास्त झालं तर त्याचा डिंक होतो. मग मंद आचेवर पुन्हा कोरडं होईस्तोवर परतायचं. तिळाचंही तेच. धन्याच्या डाळीला मात्र मीठ-हळदीचं पाणी चोळून रातभर झाकून ठेवायचं आणि सकाळी भाजायचं. आणि टरबुजाच्या बिया? त्या लहानपणी आपण राखेनं चोळून, धुऊन, उन्हात टाकायचो, त्यांना मीठ लावायचं भानच राहायचं नाही, त्या आधीच संपायच्या.

"हो, पण या सगळ्या करण्याला म्हणतात काय? एक क्रियापद सांग."

ती विचारात पडली. "म्हणते काय... जवस करणं."

इथं आपल्या भाषेची गंमत बघा. भाजणं, शेकणं, परतणं, तळणं, होरपळणं, चटका देणं, खमंग करणं, खरपूस करणं: विस्तवाच्या बाबतीत मराठी बाई एका अंशाचीही गल्लत करत नाही. पाण्याच्या बाबतीतही हबका वेगळा, शिपका वेगळा, भिजवण वेगळं आणि बुडबुडीत वेगळं. मिठाशी आली, की मात्र "अंदाजानं". पाककृतीच्या पुस्तकातही सगळं वाटी-चमच्यानं मोजून झाल्यावर शेवटी लिहिलेलं असतं, मीठ चवीनुसार. चव कोणाची, ते लिहिलेलं नसतं. ती सासूची असते.

आणि मिठाचे शब्द कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. उलट फार झालेत. नुसत्या 'खार'चं बघा. लोणच्याच्या बरणीत तळाशी उरतो तो खार. पापडात पडतो तोही खार, पण तो खाऊन बघू नये. झाडावरून उतरते ती खार, आणि तीच बिया खाणारी असल्यानं पाकिटावर तिचं चित्र टाकायचा मोह होतो. भावकीत बांधावरून एकमेकांवर जो खाल्ला जातो तोही खार, आणि तो मात्र आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या असल्या की त्या खारीपासून राखाव्या लागतात. हे वाक्य स्पॅनिशमध्ये करून दाखव, असं मी भाचीला नंतर आव्हान दिलं. तिनं विषय बदलला.

खरं तर मिठाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याशी कोणी वाद घालू नये. तासाभराच्या वाटेवर लोणार आहे. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं विवर, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद, आणि त्याच्या तळाशी खारं सरोवर. पुराणवाले सांगतात, तिथं लवणासुर राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं. जून २०२० मध्ये ते पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा सगळा देश टाळेबंदीत घरी बसून आमचं तळं बघत होता. खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर यादीत जागा मिळाल्याचं जाहीर झालं. एवढं मीठ उशाशी असून दाण्याला लावायला उपयोग शून्य, कारण ते मीठ नव्हे, सोड्याच्या जातीचा क्षार. पूर्वी लोक तो काढून विकायचेही, पण साबणासाठी. आमच्या नशिबात हे असंच. साखरेचंही तेच झालं. जिजामाता सहकारी साखर कारखाना दुसरबीडचा. एके काळी उसाच्या गाड्यांनी रस्ता अडायचा. त्याची चाकं थांबली त्याला बरीच वर्षं झाली. आता गोड नाही, खारं आहे ते पिण्यासारखं नाही, अशा अवस्थेत मी साडेतीन वाजता पायात चपला सरकवल्या आणि थांब्यावरच्या दाणेवाल्याकडं गेलो.

जालन्याहून मेहकरकडं जाणारा जुना रस्ता आमच्या गावातून जातो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून लांबची मंडळी तिकडून सुसाट जातात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ज्यांना नागपूरला पोचायची घाई होती ते सगळे आमच्या आयुष्यातून निघून गेले. उरलेत ते यष्टीतले, ज्यांना बिबीला उतरायचंय. पण दाणे खाणारा माणूस नेमका हाच. ताशी सव्वाशेच्या वेगात शेंगदाण्याचं साल फुंकता येत नाही.

दाणेवाला माझा जुना विद्यार्थी नाही, हे एक बरं. विद्यार्थी असता तर त्यानं मला खूष करायला काहीतरी अवघड शब्द सांगितला असता.

"हे दाणे करता कसे हो?"

"विकायला काढता का सर, रिटायर झाल्यावर?"

मी कारण सांगितलं. त्यानं झारा खाली ठेवला. मीठ टाकून पाणी कढवायचं. दाणे त्यात टाकायचे, थोड्या वेळानं उपसून निथळत ठेवायचे, वाळवायचे. मग रेती चांगली तापवायची आणि त्यात दाणे फिरवायचे. रेतीमुळं दाणा चहूबाजूंनी सारखा तापतो, एका अंगाला करपत नाही. मिठाचं पाणी आत मुरलेलं असतं, ते वाफ होऊन जातं आणि मीठ मागं राहतं. गुजरातेत भरूचची खारी शिंग प्रसिद्ध आहे, तीही याच घराण्यातली. "वरून मीठ टाकणारे बी हायेत," तो म्हणाला, "पन ते मीठ पुडीच्या तळाशी जाऊन बसते. गिऱ्हाईकाचे दाणे संपले की त्याले मीठ भेटते."

"आणि याला तुम्ही म्हणता काय?"

"कशाले?"

"हे जे करता त्याला."

"खारवतो," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून काळजीनं म्हणाला, "चुकलं का सर?"

खारवणे. म्हणजे मी सकाळपासून लवणजलातून गटांगळ्या खात होतो आणि शब्द थांब्यावर दहा रुपयांच्या पुडीबरोबर फुकट मिळत होता. मासे खारवतात, मिरच्या खारवतात, मग बियांनी काय पाप केलंय? आनंदाच्या भरात मी म्हणालो, "द्या मग एक पुडी, चांगले खारट बघून."

त्याचा हात थांबला. "खारट नाही सर," तो म्हणाला. "खारे."

भर चौकात माझी शिकवणी निघाली, आणि तो बरोबर होता. खारा हा गुण आहे, खारट ही तक्रार आहे. खारे दाणे विकत घेतात. खारट भाजी ताटात सरकवून ठेवतात. हा जो 'ट' आहे, तो मराठीनं नाक मुरडण्यासाठी राखून ठेवलाय. तेलकट, मळकट, धुरकट, कळकट, पोरकट. आंबट आणि तुरट यांनी कसाबसा आपला मान राखला, बाकीच्यांची अब्रू त्या शेवटच्या अक्षरानं गेली. एवढा नाजूक फरक दाणेवाल्याला कळतो आणि मी व्याकरणाच्या तासाला तो कधी सांगितला नाही. अभ्यासक्रमात नव्हता.

मी तिथूनच भाचीला फोन लावला. "लिही, खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया."

"खारवलेल्या..." ती टाईप करत म्हणाली. "मामा, याच्याखाली लाल रेघ येतेय."

"कशाची?"

"कॉम्प्युटर म्हणतो शब्द चूक आहे. त्याला 'हरवलेल्या' म्हणायचं असावं, असं सुचवतोय."

हरवलेल्या सूर्यफुलाच्या बिया! हे कोणीतरी कवितासंग्रहाला द्यावं. सूर्यफुलानं तसा प्रवास केलाच आहे म्हणा. ते मूळचं अमेरिकेचं, सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. तो आपल्याकडं आला तेव्हा आपल्या पूर्वजांनी पाच वाजेपर्यंतची मुदत नसतानाही सरळ वाकून बघितलं. जमिनीखाली लागतोय आणि मुगाच्या कुळातला दिसतोय, म्हणून भुईमूग. झालं. कोणी क्षारोदकात बुडी मारली नाही.

भाची आता खुलली होती. तिनं सांगितलं, की स्पॅनिशमध्ये सालादो म्हणजे खारा, आणि माणसाला सालादो म्हटलं तर तो गमत्या, हजरजबाबी, लोभस. मिठाच्या भांड्याला जो शब्द तोच बाईच्या ठसक्याला. मी म्हटलं, त्यात नवल काय? लावण्य हा शब्द लवणापासूनच निघालाय. आपण सौंदर्याला हजारो वर्षं खारंच म्हणतो आहोत, फक्त संस्कृतात म्हणतो म्हणून कोणाला राग येत नाही. हेच मराठीत म्हणून बघा. "वहिनी, तुम्ही आज फार खाऱ्या दिसताय," म्हणणारा माणूस जेवायच्या आधीच पानावरून उठवला जाईल. आणि हाच सालादो समुद्र ओलांडून मेक्सिको-कोलंबियात गेला, की त्याचा अर्थ होतो कमनशिबी. म्हणजे तिकडंही मिठाचं एकमत नाही. आपण मात्र एकाच मिठानं दोन्ही कामं करतो. जागतोही त्यालाच, आणि दुधात खडा टाकायचा तर तोही त्याचाच.

"एक शेवटचं," ती म्हणाली. "पाकिटावर खाली लिहिलंय, टरफलं इकडंतिकडं टाकू नयेत, गोळा करून कचरापेटीत टाकावीत. हे जसंच्या तसं करू?"

मी तिला सावध केलं. शेंगांची टरफलं उचलायला नकार देणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट ज्या राज्यात पहिलीपासून सांगितली जाते, आणि तो विद्यार्थी पुढं लोकमान्य झाला असंही सांगितलं जातं, तिथं ही ओळ छापणं धोक्याचं आहे. शाळेत मी ही गोष्ट दर १ ऑगस्टला सांगत आलो. परिणाम एवढाच झाला, की ज्यांनी शेंगा खाल्ल्या तेही टरफलं उचलत नाहीत.

ओळ तिनं तशीच ठेवली. शब्दही लाल रेघेसकट पाठवला. पाच वाजायला चार मिनिटं असताना.

तुम्ही कधी जुन्या रस्त्यानं जालन्याहून मेहकरकडं निघालात आणि गाडी दुसरबीडला थांबली, तर दोन मिनिटं उतरा. पुडी मागताना "खारे" म्हणा. "खारट" म्हणालात तर दहा रुपयांत आठ-दहा दाणे कमी येतील, आणि तक्रार लिहायला बसलात तर ती टपालानं बीडला जाईल.